राहतो म्हणाला होता

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

जुन्या मोंढ्यामागे, नांदेड
१४ जुलै २०२४

ती. मामा व मामी यांस,
मंजुश्रीचा साष्टांग नमस्कार.

तुमचे कान गेल्यापासून फोनवर तुमच्याशी बोलता येत नाही, आणि मोबाईलवरच्या बारक्या अक्षरांना तुम्ही मुंग्या म्हणता. म्हणून हे पत्र. चुका खुशाल काढा, पण शाळेत असताना काढायचात तशा तांबड्या शाईनं काढून परत पाठवू नका. मी आता रेल्वेच्या ऑफिसातली क्लार्क आहे.

चूक मात्र पहिल्याच दिवशी झाली. हजर होताना एक इंग्रजी फॉर्म भरायचा होता. त्यात मी लिहिलं, आय ॲम स्टेइंग इन जळकोट सिन्स बर्थ. आमचे हेडक्लार्क चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, स्वतःच्या घरी जन्मापासून पाहुण्या आहात का?" सगळे हसले. लिव्ह आणि स्टे, दोन्हीला आपण राहणंच म्हणतो ना? मग फरक कसला? डिसेंबरात खात्याची परीक्षा आहे, तिच्यात इंग्रजीचा पेपर आहे. म्हणून विचारते.

खोली चांगली मिळाली. घरमालकीण महानंदाबाई कोरे, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता रिटायर आहेत. लग्न केलं नाही. आपल्यातल्याच आहेत, गळ्यात लिंग आहे, सकाळी पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. खाली त्या एकट्या. वर दोन खोल्या, एक माझी. दुसरीला नुसती कडी असते.

गंमत अशी की ऑफिसात द्यायला बाईंकडून पत्त्याचा दाखला मागितला, तर त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात इंग्रजीत लिहून दिला. "इन धिस हाउस वन पर्सन लिव्ह्ज अँड टू पर्सन्स स्टे." मी म्हणाले, बाई, एक तुम्ही, एक मी, मग तिसरं कोण? त्या म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे. मामांना विचार तुझ्या." तुम्ही इंग्रजीचे मास्तर होता हे मी त्यांना सांगितलं होतं.

मामीच्या गुडघ्याला आराम आहे का?

तुमची,
मंजुश्री

---

अहमदपूर
२० जुलै २०२४

चि. मंजूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आहे. शाई निळीच वापरतो आहे.

तुझे हेडक्लार्क बरोबर बोलले. मराठीत राहणं एकच आहे, इंग्रजीनं त्याचे दोन भाग केले. मी वर्गात सांगायचो ते तुलाही सांगतो. जिथं आपली पिशवी खुंटीला अडकवलेली असते तिथं आपण स्टे करतो. जिथं खुंटीच आपली असते तिथं लिव्ह करतो. लॉजवर, पाहुण्याकडे, दवाखान्यात, स्टे. आपल्या गावी, आपल्या घरी, लिव्ह. आणि लिव्हचा दुसरा अर्थ जगणं. म्हणजे ज्या जागी आपण जगतो ती जागा. तू नांदेडला सध्या स्टे करतेस. बदली झाली नाही, क्वार्टर मिळालं, मन रमलं, की मग लिव्ह म्हणायला हरकत नाही.

बाईंचं वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे. घर त्यांचं, म्हणून लिव्ह करणारं एक. तू स्टे करणारी. दुसरं कुणी पाहुणं येत-जात असेल. म्हाताऱ्या माणसांच्या घरात असतं कुणी ना कुणी. त्यात डोकं घालू नकोस.

जिना चढताना सांभाळ. सातवी पायरी तोकडी आहे, अंधारात पाय निसटतो.

तुझी मामी बरी आहे. गुडघ्याला तेल लावते. तिनं ज्वारीच्या पापड्या केल्या आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवू.

तुझा,
उमाशंकर मामा

---

नांदेड
४ ऑगस्ट २०२४

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

पापड्या मिळाल्या. खुंटीचं उदाहरण ऑफिसात सांगितलं, हेडक्लार्क खूश झाले. सातवी पायरी खरंच तोकडी आहे. मीच आधी लिहिलं असणार, आता आठवत नाही.

मामा, तुम्ही डोकं घालू नकोस म्हणालात, पण मला राहवेना. शेजारच्या खोलीत एक मुलगा राहतो. बाईंनी मला हे सांगायला पाहिजे होतं. लग्नाच्या वयाच्या मुलीला खोली देताना, शेजारी एक तरणा पोरगा आहे हे लपवतात का कुणी?

पहिल्यांदा नुसते आवाज यायचे. रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले की पलीकडे कुणीतरी पुस्तकाची पानं उलटायचं. पान उलटण्याआधी एकदा खाकरायचं. मला वाटलं भिंत पातळ आहे, शेजारच्या घरातून येत असेल. मग दोरीवर पांढरा सदरा दिसला, पूर्ण बाह्यांचा, कॉलर घासून घासून विरलेली. बाई खाली बसून भाजी निवडत होत्या. विचारलं, कुणाचा? म्हणाल्या, "वाळू दे." बस्स.

बाई रोज दुपारी ताट वर घेऊन जातात. आधी वाटायचं देवाचा नैवेद्य असेल, पण नैवेद्याला कुणी भाकरी अन् ठेचा नेत नाही. ताट रिकामं खाली येतं. पेल्यात मात्र शेवटचा घोट पाणी असतं, दर वेळी.

परवा सुट्टी होती. मी जिना चढून आले तर दार अर्धं उघडं. खिडकीपाशी टेबल, टेबलाशी तो बसला होता, पाठमोरा. केस दाट, चमेलीचं तेल लावून चापून बसवलेले. वाचताना एक पाऊल दुसऱ्या पावलावर घासत होता. डावा खांदा जरा खाली. मी खाकरले, म्हणजे कुणी मुलगी आली आहे हे कळावं. त्यानं मान वळवली नाही, पण पाऊल घासायचं थांबलं. त्यानं ऐकलं होतं. नक्की ऐकलं होतं. मी माझ्या खोलीत जाऊन कडी लावून बसले.

अजून भीती वाटली नाही, रागच आला आहे. येत्या रविवारी बाईंना समोरासमोर विचारणार आहे. तुम्ही काय म्हणता?

मंजुश्री

---

अहमदपूर
९ ऑगस्ट २०२४

चि. मंजू,

ती खोली सोड. उद्याच सोड. स्टेशनरोडला बायकांची वसतिगृहं आहेत, तिथं बघ. मोंढ्याचा भाग दमट आहे, तुला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे.

बाईंना काही विचारू नकोस. त्यांना माझं नाव सांगितलंस का? मी मास्तर आहे एवढंच सांगितलंस की नावसुद्धा?

खोली सोडल्याचं एका ओळीनं कळव.

मामा

---

नांदेड
२५ ऑगस्ट २०२४

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

खोली सोडलेली नाही. रागावू नका, आधी पूर्ण वाचा. आणि मला दमा कधीच नव्हता मामा. तो माझ्या बहिणीला, पुनमला होता.

तुमचं पत्र पोस्टमननं खाली बाईंच्या हातात दिलं. मी त्या दिवशी दुपारीच आले तर पाकीट त्यांच्या मांडीवर. फोडलं नव्हतं. पत्त्यावरच्या अक्षरांवरून त्या बोट फिरवत होत्या. मला देताना म्हणाल्या, "एम अजून तसाच काढतात, पाय लांब असलेला." मग म्हणाल्या, "तुझ्या मामांना ऐकू येत नाही, हो ना?" मामा, तुमच्या कानाचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं झाली असतील." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तर म्हणाल्या, "दोन वर्षांपासून ह्याला फार बारीक ऐकू यायला लागलंय. मी खाली कुजबुजले तरी वर कळतं."

मी म्हणाले, ह्याला म्हणजे कुणाला? मला आज बघायचंच आहे. त्या उठल्या, पुढं झाल्या, कडी काढली. भर दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं. खोलीत कुणी नव्हतं. एक लोखंडी पलंग, टेबल, खुर्ची. दुसरं दार नाही, खिडकीला गज. खुंटीला एक कापडी पिशवी. ताट टेबलावर होतं, भाकरी अर्धी खाल्लेली, आणि खुर्ची, मामा, खुर्चीची बैठक गरम होती. मी हात लावून बघितला.

मी विचारलं, "बाई, कुणी होतं का तुमचं? वारलं का?"

त्या म्हणाल्या, "वारलं कशानं? माणूस जिवंत आहे, सुखात आहे, बायको आहे."

"मग तुम्ही इतकी वर्षं त्याची वाट बघून राहिलात?"

त्या हसल्या. हसण्यात राग नव्हता. "मी कुणाची वाट बघितली नाही गं. गेलाच नाही तर वाट कशाची बघायची? राहतो म्हणाला होता. राहिला."

मग त्यांनी मला खाली नेऊन चहा दिला आणि म्हणाल्या, पंचविशीत त्यांना स्थळं येत होती, वडील बसलिंगप्पा आजारी होते, त्यांनी हात जोडून विनवलं. पण वरच्या खोलीत एक माणूस राहत असताना दुसऱ्या घरी कसं जायचं? लोकांना दिसत नव्हतं म्हणून तो नव्हता असं कसं म्हणायचं?

मला त्या वेड्या वाटल्या नाहीत. हेच मला लिहायचं होतं. वेड्या वाटल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी सामान उचललं असतं.

तुम्ही सातवी पायरी म्हणालात. मी माझ्या पहिल्या पत्राची कच्ची प्रत काढून बघितली. मी पायरीबद्दल काहीच लिहिलं नव्हतं.

मामा, पान उलटण्याआधी खाकरायची सवय तुम्हाला आहे. पेल्यात शेवटचा घोट ठेवायची आहे. लहानपणी लिंबावरून पडून तुमचा डावा खांदा उतरला ते मामी अजून सांगते. मी सात वर्षं तुमच्या घरी शिकले, हे सगळं रोज बघितलं, आणि तरी मला ओळखू आलं नाही, कारण त्याचे केस काळे आहेत.

खरं काय ते लिहा. मामीला दाखवणार नाही.

मंजुश्री

---

अहमदपूर
३० ऑगस्ट २०२४

चि. मंजू,

तुझं पत्र घेऊन मी मार्केट यार्डातल्या ओट्यावर बसलो. घरात वाचवेना. तुझी मामी शिवगंगा बघत होती.

खरं लिहितो. एकेचाळीस वर्षांपूर्वी मी बी.एड.ला नांदेडात होतो. बसलिंगप्पांच्या घरी वरची खोली मिळाली. महानंदा अठरा वर्षांची, बारावीला इंग्रजीत राहिली होती. मी शिकवावं असं ठरलं. जिन्याच्या पायथ्याशी बसून शिकवायचो, वडील समोर जपमाळ घेऊन बसलेले. आम्ही एकमेकांशी मराठीत दहा वाक्यंसुद्धा बोललो नसू. जे बोललो ते व्याकरणाच्या वहीत, इंग्रजीत. ती वाक्यात प्रयोग करायची आणि मी बरोबरची खूण करायचो. एवढंच. पण तेवढ्यात सगळं कळत होतं.

वर्ष संपलं. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अहमदपूरहून पत्र आलं, मुलगी बघितली आहे, नोकरीही तयार आहे, ये. निघायच्या आदल्या दुपारी महानंदानं वहीत लिहिलं, विल यू लिव्ह हिअर? मी बराच वेळ पेन हातात धरून होतो. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायची हिंमत नव्हती. मग मला एक वाट सुचली. मी खाली लिहिलं, आय विल स्टे.

मी मनात म्हणालो, मी खोटं बोललो नाही. स्टे म्हणजे चार दिवसांचा मुक्काम, मुक्काम संपला की माणूस निघतो. पुढं कुणी विचारलं तर शब्दकोश माझ्या बाजूनं होता. मास्तर होण्याआधीच मी असा मास्तर झालो होतो. तिनं ते वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, कळलं तिला. आता तुझ्या पत्रावरून कळतंय की ती आनंदानं रडली. स्टेचा दुसरा अर्थ आहे मंजू. तुला पहिल्या पत्रात मी तो सांगितला नाही. स्टे म्हणजे न जाणं. सगळे उठून गेले तरी आपण जागचं न हलणं. तिनं तो अर्थ घेतला. तोही शब्दकोशात आहे, आणि तोच आधी दिलेला असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं निघालो. पिशवी खुंटीलाच राहिली. परत मागवली नाही.

शिवगंगेशी लग्न झालं. तिनं काही कमी केलं नाही. पण तुला सांगतो, एकेचाळीस वर्षं सकाळी जाग आली की क्षणभर मला कळत नाही मी कुठं आहे. उशाला खिडकी असायला हवी असं वाटतं, आणि तिथं भिंत असते. मग शिवगंगेच्या बांगड्या वाजायच्या आणि कळायचं, आपण अहमदपुरात आहोत. दोन वर्षांपासून बांगड्याही ऐकू येत नाहीत. आता तो क्षण फार लांबतो. कधीकधी चहा होईपर्यंत टिकतो.

तू माझं काही तिथं बघितलंस याचं मला आश्चर्य वाटलं नाही. लाज वाटली.

९ तारखेला कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. ११ ला, बुधवारी, मी नांदेडला येतो. दुपारच्या आत परत फिरेन. महानंदाबाईंना सांगून ठेव. मला तिची माफी मागायची आहे, आणि वर जे कुणी आहे त्याला घेऊन यायचं आहे. त्याला तिथं ठेवायचा मला अधिकार नव्हता.

शिवगंगेला शाळेच्या कामाला जातो असं सांगेन.

मामा

---

नांदेड
१५ सप्टेंबर २०२४

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही घरी पोचलात का हे मी मामीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, पोचले, जेवले, झोपले. तिचा आवाज वेगळा होता. मी पुढं काही विचारलं नाही. म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहिते, आणि तुमच्या हातची एक ओळ मागते. नुसती सही केली तरी चालेल.

बुधवारचं तुम्हाला किती आठवतं ते मला माहीत नाही, म्हणून मी बघितलं तसं लिहिते.

मी अर्धी रजा टाकली होती. तुम्ही अकराला रिक्षातून उतरलात. बाईंनी सकाळपासून इरकली नेसली होती. दार उघडून त्या तुमच्याकडे बघत राहिल्या, आणि मला वाटलं त्या रडतील. पण त्यांनी तुम्हाला ओळखलंच नाही. म्हणजे नावानं ओळखलं, चेहऱ्यानं नाही. अनोळखी म्हाताऱ्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, "या. बसा. पाणी घ्या." तुम्ही हात जोडून म्हणालात, "महानंदा, मी फसवलं." त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. तुम्हाला ते ऐकू आलं नसणार, म्हणून लिहिते. त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही फसवलंत मास्तर. तुमच्याशी माझं काय होतं? जो होता तो वर आहे."

मग तुम्ही एकटेच वर गेलात. सातवी पायरी न बघता ओलांडलीत.

वीस मिनिटं झाली. वरून बोलण्याचा आवाज नव्हता. एकदा खाकरल्याचं ऐकू आलं आणि लगेच दुसऱ्यांदा, जरा वेगळ्या घशातून. बाई जिन्याच्या पायथ्याशी बसल्या होत्या, वर मान करून. मग तुम्ही खाली आलात. एक-एक पायरी गाळत आलात मामा. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तशी मान वळवलीत. मी म्हणाले, मामा, तुम्हाला ऐकू आलं? तुम्ही म्हणालात, "हो, का?" अंगात तो पांढरा सदरा, खांद्याला ती कापडी पिशवी होती. बाईंकडे बघून तुम्ही लाजलात. खरंच लाजलात, एखाद्या पोरासारखे. आणि म्हणालात, "अप्पांनी बोलावलंय. दोन दिवसांत येतो."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्या दारापर्यंत तुमच्या मागं आल्या.

बसस्टँडवर तुम्ही मला विचारलंत, "तुम्ही कुठल्या?" मी म्हणाले, जळकोटची, शरणप्पांची मुलगी. तुम्ही म्हणालात, शरणप्पांचं तर अजून लग्नही झालं नाही. मला वाटलं चेष्टा करताय. तुमची बस लोह्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मला तसंच वाटत होतं.

परत आले तर बाई वरच्या खोलीच्या दारात उभ्या. आत खिडकीपाशी तो बसला होता, पाठमोरा. पण केस पांढरे होते, विरळ. अंगात तुमचा चौकडीचा शर्ट, जो घालून तुम्ही सकाळी आला होतात. मी हाक मारली, मामा. पाठ हलली नाही. मी मोठ्यानं हाक मारली. त्याला ऐकूच आलं नाही.

बाई मला म्हणाल्या, "हा कोण म्हातारा आणून बसवलास? माझा कुठाय तो?" आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. चाळीस वर्षांत त्यांनी ज्याची वाट बघितली नव्हती, त्याची वाट बघायला त्या आत्ता लागल्या असं मला वाटलं.

गेले चार दिवस त्या ताट वर नेत नाहीत. त्या म्हणतात, माझ्या घरात परक्या माणसाला का जेवू घालू? म्हणून मी नेते. ताट रिकामं होतं.

लवकर कळवा.

मंजुश्री

---

अहमदपूर
२० सप्टेंबर

चि. मंजूस शिवगंगा मामीचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय न्हाई, सातवीनंतर पेन हातात धरला न्हाई, तरी तूच समजून घे. फोन करता येत न्हाई. हा समोरच बसलेला ऱ्हातो आन् याला आता सगळं ऐकू येतं. पार मागल्या दारी भांडं वाजलं तरी विचारतो काय पडलं. म्हून शेजारच्या नागुबाईच्या घरी बसून लिहून राहिले.

तुझं पत्र त्यांच्या नावानं आलं ते मी फोडलं. आधीची पत्रंबी मला गादीखाली सापडली, सगळी वाचली. तुमचं ते विंग्रजी मला कळलं न्हाई, पर बाकीचं कळलं. राग धरलेला न्हाई. मंजू, मी लग्न होऊन आले त्या दिवशीच मला ठाऊक झालं होतं की माणूस अर्धाच आलाय. बाईला कळतं. कुणाला सांगायचं? दारू न्हाई, मारझोड न्हाई, पगार हातावर. बाकीचा अर्धा कुठं हाय म्हून कुणाला विचारायचं? मी म्हणलं आला तेवढा आपला. त्या अर्ध्यालाच धरून संसार केला.

आता बुधवारी जे आलं ते ऐक. अंग म्हाताऱ्याचंच हाय, सुरकुत्या त्याच, पर आत दुसरंच कुणी बसलंय. दारात उभं राहून मला विचारलं, अप्पा हायेत का, त्यांनी बोलावलं म्हून आलो. जुनं घर पाडून इथंच बांधलंय, म्हून पाय बरोबर दारात आले, पर घर ओळखलं न्हाई. मग मला म्हणाला, मावशी, पाणी द्या. मला मावशी म्हणाला. पेला पार तळापर्यंत पिऊन टाकला. रात्री हातरूण टाकलं तर म्हणतो, मी ओसरीत झोपतो, बायामाणसांच्या घरात बरं दिसत न्हाई. दोन दिवसांसाठी राहून राहिलो, म्हणतो, मग नांदेडला जायचं हाय.

आपल्या पोरानं, सुदर्शननं, डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले मेंदूला रक्त कमी पडलं, या वयात विसर पडतो, गोळ्या देतो. मी मान हालवली. पर मंजू, विसर पडलेल्या माणसाचे गेलेले कान परत येतात का? हे डॉक्टरला विचारलं तर ते म्हणाले, बघू.

हा वाईट न्हाई. उलट लई गोड हाय. हसतो, शीळ घालतो, मला कोथिंबीर निवडू लागतो. एकेचाळीस वर्षांत त्यांनी कधी निवडली न्हाई. परवा बोलता बोलता मला सगळं सांगून बसला. नांदेडात एक मुलगी हाय, विंग्रजीत हुशार हाय, घरचे मानतील का मावशी? मी चुलीकडं तोंड करून बसले. त्या बाईनं याच्यावर जीव लावला असंल तर तिची चूक न्हाई. मी आधी बघितला असता तर मीबी लावला असता.

पर हा माझा न्हाई. याला माझ्या बाळंतपणातला दवाखाना ठाऊक न्हाई. आपलं पहिलं पोर गेलं तवा कोण रात्रभर खाटंच्या पाटीवर डोकं टेकून बसलं होतं ते याला ठाऊक न्हाई. याला माझं नावसुद्धा ठाऊक न्हाई. ज्याला ठाऊक हाय तो तिकडं त्या खोलीत बसलाय आन् त्याला त्या घरची बाई जेवायला देईना. हे वाचलं तवा मला राहवलं न्हाई.

त्या बाईला माझा निरोप सांग. म्हणावं, शिवगंगा म्हणती, तुमचं तुम्हाला देते, माझं मला द्या. भांडण न्हाई. सोमवारी पहिल्या गाडीनं याला घेऊन येते. जायचं म्हणलं की तो खूशच हाय, पिशवी भरून बसलाय. त्याला वर घेऊन जाईन आन् माझ्या माणसाचा हात धरून खाली आणीन. ते येतील का न्हाई ते मला सांगता येत न्हाई. पूर्वी कधी मी त्यांना कुठून घेऊन आले न्हाई, आपणहून यायचे ते यायचे. पर या वख्ताला मी विचारणार हाय.

तवर दोन दिवस तू त्यांचं बघ. भाकरी ताजी दे, शिळी त्यांना पचत न्हाई. रक्तदाबाची गोळी सांजच्याला. आन् ताट घेऊन आत जाशील तवा खिडकीच्या बाजूनं समोर जाऊन उभी ऱ्हा. मागून जाऊ नको. ऐकू येत न्हाई ना, मागून कुणी आलं की ते लई भितात.

शिवगंगा